बायोगॅसचे शुद्धीकरण : गोबरगॅसपासून वाहनाच्या इंधनापर्यंत

सारांश :
सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिजनविरहित विघटनातून मिळणारा बायोगॅस हा स्वयंपाकाच्या इंधनासाठी आपल्याकडे दीर्घकाळ वापरला जात आहे. मात्र वाहनासाठी किंवा पाइपलाइनमधून वितरणासाठी तो वापरावयाचा असेल तर त्यातील कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड व पाण्याची वाफ हे घटक काढून टाकावे लागतात. प्रस्तुत लेखात या शुद्धीकरणाची आवश्यकता, त्याच्या प्रमुख पद्धती, गुणवत्तेचे भारतीय मानक, महाराष्ट्रातील साखर उद्योगाच्या संदर्भात असलेला वाव आणि या मार्गातील मर्यादा यांचे विवेचन केले आहे. मिथेनची गळती व स्लरीचे शेतात परत जाणे या दोन बाबींवर या इंधनाचा 'नवीकरणीय' हा दर्जा अवलंबून आहे, असे प्रतिपादन लेखाच्या शेवटी केले आहे.

प्रस्तावना :
ऊर्जेची गरज आणि ऊर्जेची उपलब्धता यांतील अंतर ही भारतासारख्या विकसनशील देशापुढील एक मूलभूत समस्या आहे. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्यासाठी आपल्याला मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून राहावे लागते. दुसरीकडे शेण, साखर कारखान्यांतील प्रेसमड, पिकांचे अवशेष, बाजारपेठांतील भाजीपाल्याचा कचरा आणि शहरांतील सांडपाणी यांची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रश्न बनलेला आहे. हे दोन्ही प्रश्न एकत्र जोडणारा दुवा म्हणून बायोगॅसकडे पाहिले जाते. परंतु संयंत्रातून बाहेर पडणारा वायू आणि पंपावर वाहनात भरला जाणारा वायू यांत मोठा फरक आहे. हा फरक कोणता, तो कसा भरून काढला जातो आणि तो भरून काढण्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेतल्याशिवाय या इंधनाचे योग्य मूल्यमापन करता येणार नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :
१) बायोगॅसच्या शुद्धीकरणाची शास्त्रीय आवश्यकता स्पष्ट करणे.
२) शुद्धीकरणाच्या प्रचलित पद्धतींचा तुलनात्मक परिचय करून देणे.
३) ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात या तंत्रज्ञानाची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बायोगॅसच्या इतिहासात मुंबईचा उल्लेख आवर्जून केला जातो. माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ च्या सुमारास मैलापाण्यापासून मिळणारा वायू उपयोगात आणला गेला होता. पुढे १९३९ मध्ये नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू मिळविण्याचे प्रयोग केले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' हे तरंगत्या टाकीचे संयंत्र विकसित केले आणि १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने या रचनेचा प्रसार केला. त्यानंतर १९७८ मध्ये 'जनता' आणि १९८४ मध्ये 'दीनबंधू' ही स्थिर घुमटाची प्रतिमाने पुढे आली. १९८१-८२ पासून केंद्र शासनाने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला.

या सर्व काळात वायू जेथे तयार होतो तेथेच, म्हणजे घराच्या परसात, तो जाळावयाचा हे गृहीत होते. त्यामुळे शुद्धीकरणाची गरज फारशी भासली नाही. वायू दूर न्यावयाचा, साठवावयाचा आणि इंजिनात वापरावयाचा असे ठरल्यावर मात्र चित्र बदलले. स्वीडनमधील लिंकोपिंग शहरात १९९० च्या दशकापासून शुद्ध केलेल्या बायोगॅसवर शहर बससेवा चालविण्यात येऊ लागली आणि २००५ मध्ये त्याच शहरातून बायोगॅसवर चालणारी रेल्वेगाडीही सुरू करण्यात आली. भारतात दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. वीरेंद्र कुमार विजय व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या साहाय्याने बायोगॅस शुद्ध करण्याच्या पद्धतीवर महत्त्वाचे काम केले आहे.

बायोगॅसची निर्मिती व घटक :
हवाबंद पाचनकुंडात सेंद्रिय पदार्थांचे विघटन चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे पाण्यात विरघळणाऱ्या लहान रेणूंत रूपांतर होते. दुसऱ्या टप्प्यात त्यांपासून सेंद्रिय आम्ले तयार होतात. तिसऱ्या टप्प्यात या आम्लांपासून मुख्यतः अ‍ॅसेटिक आम्ल, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात आणि चौथ्या टप्प्यात मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव त्यांचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. हे शेवटचे सूक्ष्मजीव अत्यंत संवेदनशील असतात. सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ६.८ ते ७.५ या दरम्यानचा सामू त्यांना मानवतो. आम्लता वाढली की वायूची निर्मिती मंदावते, हा संयंत्र चालविणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

अशा रीतीने मिळणाऱ्या वायूत सर्वसाधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि ३५ ते ४५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्याशिवाय पाण्याची वाफ, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया आणि अल्प प्रमाणात नायट्रोजन हे घटक आढळतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण कच्च्या मालावर अवलंबून असते. शेणाच्या वायूत ते तुलनेने कमी असते, तर मद्यार्क निर्मितीतील स्पेंटवॉशसारख्या गंधकयुक्त सांडपाण्याच्या वायूत ते कितीतरी अधिक असते. सांडपाणी व शहरी कचरा यांच्या वायूत सिलिकॉनयुक्त संयुगेही असू शकतात. ती इंजिनात जळल्यावर त्यांचे वाळूसारखे कठीण थर जमतात.

शुद्धीकरणाची आवश्यकता :
बायोगॅस चुलीवर उत्तम जळतो, मग तो शुद्ध कशासाठी करावयाचा, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) ऊर्जेची घनता : शुद्ध मिथेनचे उष्मांक मूल्य प्रति घनमीटर सुमारे ३५.८ मेगाज्यूल आहे. ६० टक्के मिथेन असलेल्या बायोगॅसमध्ये ते सुमारे २१.५ मेगाज्यूल इतकेच राहते. वजनाच्या दृष्टीने पाहिल्यास हा फरक अधिक ठळक होतो. मिथेनचा रेणुभार १६ व कार्बन डायऑक्साइडचा ४४ आहे. त्यामुळे आकारमानाने ६० टक्के मिथेन असलेल्या एक किलोग्रॅम बायोगॅसमध्ये प्रत्यक्ष इंधन केवळ ३५० ग्रॅम असते. उरलेले सुमारे ६५० ग्रॅम हे न जळणारे ओझे होय. वाहनाने हे ओझे सोबत वाहून नेणे कोणत्याही दृष्टीने परवडणारे नाही.

आ) साठवणूक : स्वयंपाकाचा एलपीजी थोड्या दाबाखाली द्रवरूप होतो, म्हणून तो लहान सिलिंडरमध्ये मावतो. मिथेनचे तसे नाही. उणे ८२.६ अंश सेल्सिअस या क्रांतिक तापमानापेक्षा अधिक तापमानाला तो कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. त्यामुळे बायोगॅस एलपीजीच्या सिलिंडरमध्ये भरून विकता येईल ही समजूत चुकीची व धोकादायक आहे. तो सीएनजीप्रमाणे सुमारे २०० बार इतक्या उच्च दाबाखाली खास पोलादी सिलिंडरमध्येच साठवावा लागतो. एवढ्या दाबासाठी खर्च होणारी वीज निरुपयोगी कार्बन डायऑक्साइड दाबण्यात वाया घालविणे योग्य ठरत नाही.

इ) गंजण्याची प्रक्रिया : हायड्रोजन सल्फाइड व ओलावा एकत्र आले की धातूचे भाग गंजतात. वायू जळताना गंधकाचे ऑक्साइड तयार होतात व त्यांपासून आम्ल बनून इंजिनातील तेल व धातू यांची हानी होते.

ई) मानवी सुरक्षितता : हायड्रोजन सल्फाइड हा अत्यंत विषारी वायू आहे. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु हवेतील प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे १०० भागांच्या वर गेले की वास घेण्याची क्षमताच बधिर होते आणि धोका टळला असे वाटू लागते. हे प्रमाण १००० भागांच्या आसपास गेल्यास काही क्षणांतच मृत्यू ओढवू शकतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात व टाकीच्या तळाशी साचून राहतो. म्हणूनच रिकाम्या केलेल्या संयंत्रातही हवेची तपासणी केल्याशिवाय, बाहेर माणूस उभा न ठेवता व दोर न बांधता कोणीही उतरता कामा नये. आत कोसळलेल्या माणसाला वाचविण्यासाठी तसाच उतरणारा दुसरा माणूसही दगावतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

शुद्धीकरणाच्या पद्धती :
शुद्धीकरणाचे सामान्यतः तीन टप्पे मानले जातात : गंधकाचे निर्मूलन, कार्बन डायऑक्साइडचे पृथक्करण आणि आर्द्रता काढून वायूचे संपीडन.

१) गंधकाचे निर्मूलन : सर्वांत जुनी व सोपी पद्धत म्हणजे लोहाच्या ऑक्साइडमधून वायू जाऊ देणे. लाकडाच्या भुशावर किंवा गोळ्यांच्या स्वरूपात असलेले लोह ऑक्साइड हायड्रोजन सल्फाइडशी संयोग पावून लोह सल्फाइड बनते. त्यावर हवा सोडली की गंधक सुटा होऊन लोह ऑक्साइड पुन्हा वापरण्याजोगे होते. मात्र या क्रियेत उष्णता निर्माण होते. हवा एकदम सोडल्यास भुसा पेट घेऊ शकतो, म्हणून ती सावकाश व नियंत्रित प्रमाणात द्यावी लागते. दुसरी पद्धत जैविक आहे. तिच्यात गंधकावर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडचे मूलद्रव्यी गंधकात रूपांतर करतात. त्यासाठी वायूत थोडी हवा मिसळावी लागते. पण हवेतील नायट्रोजन पुढे वायूतून काढणे कठीण असते, म्हणून वाहनाच्या इंधनासाठी ही हवा स्वतंत्र पात्रात द्रावणाला देण्याची व्यवस्था अधिक योग्य समजली जाते. पाचनकुंडातच लोहाचे क्षार मिसळून गंधक बांधून ठेवणे हाही एक मार्ग आहे. अखेरच्या सफाईसाठी सक्रियित कोळसा वापरतात.

२) कार्बन डायऑक्साइडचे पृथक्करण : हा शुद्धीकरणाचा गाभा होय. त्यासाठी पुढील पद्धती प्रचलित आहेत.

पाण्याने धुण्याची पद्धत : २५ अंश सेल्सिअस तापमानाला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिथेनच्या सुमारे २५ पट अधिक विरघळतो. या गुणधर्माचा उपयोग करून सुमारे ६ ते १० बार दाबाखाली वायू उंच मनोऱ्यात खालून वर सोडतात व वरून पाण्याचा वर्षाव करतात. सोडा वॉटरची बाटली भरताना जे घडते तेच येथे घडते. पुढे पाण्यावरील दाब कमी करून व त्यात हवा फुंकून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात आणि पाणी पुन्हा वापरतात. या पद्धतीत रसायने लागत नाहीत. मात्र पाण्याची गरज मोठी असते. १० बार दाबाखाली एक घनमीटर बायोगॅसमधील ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळविण्यास सैद्धांतिकदृष्ट्या किमान १२० लिटर पाणी मनोऱ्यातून फिरवावे लागते. व्यवहारात हे प्रमाण अधिक असते. पाणी जितके थंड तितका वायू अधिक विरघळतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पाणी ४० अंशांपर्यंत तापले तर त्याची शोषणक्षमता बरीच घटते आणि ते थंड करण्याचा खर्च वाढतो.

दाबबदल अधिशोषण पद्धत : कोळशापासून बनविलेल्या आण्विक चाळणीच्या किंवा झिओलाइटच्या कणांवर दाबाखाली कार्बन डायऑक्साइड चिकटून राहतो व मिथेन पुढे जातो. दाब कमी केला की चिकटलेला वायू सुटतो. असे चार किंवा अधिक स्तंभ आळीपाळीने चालवितात. येथे पाणी लागत नाही, हा कोरडवाहू भागाच्या दृष्टीने मोठा लाभ होय. मात्र गंधक व ओलावा आधीच काढावा लागतो, अन्यथा चाळणी कायमची निकामी होते.

अमाइन द्रावणाची पद्धत : अमाइन वर्गातील रसायने कार्बन डायऑक्साइडशी थेट संयोग पावतात. त्यामुळे मिथेन जवळजवळ वाया जात नाही. गळती ०.१ टक्क्याच्याही खाली ठेवता येते. परंतु द्रावण पुन्हा वापरण्यासाठी ते १२० ते १५० अंशांपर्यंत तापवावे लागते. जेथे टाकाऊ वाफ उपलब्ध आहे, उदाहरणार्थ साखर कारखाना, तेथे ही पद्धत विचारात घेण्याजोगी आहे.

पटल पद्धत : विशिष्ट बहुवारिकांच्या पोकळ तंतूंमधून कार्बन डायऑक्साइड जलद झिरपतो व मिथेन मागे राहतो. दोन किंवा तीन टप्प्यांत ही क्रिया केल्यास शुद्धता वाढते व गळती कमी होते. यंत्रणा आटोपशीर असते, परंतु पटले महाग असून त्यांचे आयुष्य वायूच्या पूर्वसफाईवर अवलंबून असते.

विजेचा विचार केल्यास पाणी, दाबबदल व पटल या तिन्ही पद्धतींत एक घनमीटर कच्च्या वायूमागे साधारणपणे पाव युनिटच्या आसपास वीज लागते. अमाइन पद्धतीत वीज कमी, पण उष्णता अधिक लागते. सर्वत्र श्रेष्ठ ठरेल अशी एकही पद्धत नाही. पाणी, वीज, उष्णता व कुशल मनुष्यबळ यांपैकी स्थानिक पातळीवर काय उपलब्ध आहे यावर निवड ठरते.

३) आर्द्रता व संपीडन : शेवटी वायू थंड करून व शोषक पदार्थांतून नेऊन कोरडा केला जातो आणि टप्प्याटप्प्याने दाबून सिलिंडरच्या संचात भरला जातो. अशा सिलिंडरांची परवानगी व तपासणी हा विषय पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेच्या अखत्यारीत येतो. या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

गुणवत्तेचे मानक :
भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६०८७ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जैवमिथेनमध्ये किमान ९० टक्के मिथेन असावा लागतो. कार्बन डायऑक्साइड कमाल ४ टक्के, ऑक्सिजन कमाल ०.५ टक्का, एकूण गंधक प्रति घनमीटर कमाल २० मिलिग्रॅम व आर्द्रता कमाल ५ मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. वाहनांत या इंधनाच्या वापरासाठी मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये तरतूद करण्यात आली.

येथे एक बाब ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मानकातील टक्केवारी आकारमानाची आहे, तर पंपावर वायू किलोग्रॅमवर विकला जातो. ९६ टक्के मिथेन व ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या वायूत वजनाने मिथेन सुमारे ९० टक्केच असतो. ९० टक्के मिथेन, ४ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला मुख्यतः नायट्रोजन असेल, तर एका किलोग्रॅममध्ये प्रत्यक्ष इंधन सुमारे ८०० ग्रॅम भरते. दोन्ही वायू मानकात बसतात. परंतु त्याच पैशात रिक्षाचालकाला मिळणारे अंतर मात्र सारखे असणार नाही. म्हणून उष्मांक मूल्यावर आधारित किंमत हा विषय या क्षेत्रात दुर्लक्षून चालणार नाही.

एका गावाचा हिशेब :
तंत्रज्ञानाची उपयुक्तता तपासण्यासाठी एक साधा हिशेब मांडता येईल. एक किलोग्रॅम ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर बायोगॅस मिळतो. म्हणजे २५ किलोग्रॅम शेणापासून एक घनमीटर बायोगॅस व त्यातून सुमारे ०.४ किलोग्रॅम मिथेन मिळतो. दररोज १०० किलोग्रॅम मिथेन मिळवावयाचा असेल तर २५० घनमीटर बायोगॅस व त्यासाठी ६,२५० किलोग्रॅम शेण लागेल. एका जनावरामागे १० किलोग्रॅम शेण गोळा होते असे धरल्यास ही ६२५ जनावरांची गरज झाली. शेणाइतकेच पाणी मिसळल्यास दररोज सुमारे साडेबारा टन स्लरी बाहेर पडेल. शुद्धीकरणास रोज सुमारे ६० युनिट वीज लागेल, संपीडनाची वीज वेगळी. इतके करून मिळणारी ऊर्जा सुमारे १४० लिटर डिझेलच्या किंवा साडेसात घरगुती गॅस सिलिंडरच्या बरोबरीची असेल.

आता हाच २५० घनमीटर वायू शुद्ध न करता नळाने घरोघर दिला, तर एका कुटुंबास रोज दीड ते दोन घनमीटर या हिशेबाने १२५ ते १६५ कुटुंबांचा स्वयंपाक त्यावर होऊ शकतो. यावरून असे दिसते की, वायू जवळच वापरता येत असेल तेथे शुद्धीकरणाचा खर्च करण्याचे प्रयोजन नाही. चार-पाच जनावरे असलेल्या शेतकऱ्याचे दोन घनमीटरचे संयंत्र जसे आहे तसेच उत्तम आहे. जेथे वायूची निर्मिती स्थानिक गरजेपेक्षा पुष्कळ अधिक आहे, तेथेच शुद्धीकरण अर्थपूर्ण ठरते.

साखर कारखाने व महाराष्ट्र :
या निकषावर महाराष्ट्रातील साखर कारखाने योग्य ठरतात. उसाच्या वजनाच्या साधारण ३ ते ४ टक्के प्रेसमड निघतो. दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात १५० ते २०० टन प्रेसमड उपलब्ध होतो. सुमारे २५ टन प्रेसमडपासून एक टन शुद्ध वायू हे प्रमाण धरल्यास रोज ६ ते ८ टन इंधन मिळू शकते. कच्चा माल एकाच ठिकाणी उपलब्ध असणे, वाफ व वीज जवळ असणे आणि ऊस वाहतुकीची वाहने हा संभाव्य ग्राहक दाराशी असणे, हे या उद्योगाचे विशेष होत.

तथापि दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे हंगाम. गाळप वर्षातील काही महिनेच चालते, आणि उघड्यावर साठविलेला प्रेसमड तापून कुजतो व त्याची वायू देण्याची क्षमता घटते. त्यामुळे झाकलेली साठवण किंवा नेपिअर गवतासारखा पूरक कच्चा माल यांची सोय करावी लागते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. प्रेसमड हा काही टाकाऊ पदार्थ नव्हे. ऊस उत्पादक शेतकरी तो खत म्हणून शेतात घालत आलेला आहे. वायू प्रकल्पासाठी तो वळविला गेला आणि त्याबदल्यात स्लरी शेतकऱ्यास परत मिळाली नाही, तर सेंद्रिय कर्बाची कमतरता असलेल्या जमिनीचे नुकसान होईल. वायूमध्ये प्रामुख्याने कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन जातात. नत्र, स्फुरद व पालाश स्लरीतच राहतात. म्हणून ती परत देणे शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे, प्रश्न व्यवस्थेचा व वाहतूक खर्चाचा आहे.

शासकीय धोरण व प्रत्यक्ष स्थिती :
केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' ही योजना सुरू केली. तेल कंपन्यांनी ठरावीक दराने शुद्ध वायू खरेदी करावयाचा आणि २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्पांतून वर्षाला दीड कोटी टन उत्पादन साध्य करावयाचे, असे उद्दिष्ट होते. हा कालावधी उलटून गेला, परंतु उभे राहिलेले प्रकल्प या संख्येच्या अगदी लहान भागाइतकेच आहेत. कच्च्या मालाचा अनियमित पुरवठा, भांडवलाची अडचण आणि स्लरीस बाजारपेठ नसणे ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात. २०२३ मध्ये अशा सेंद्रिय खतासाठी प्रति टन १,५०० रुपये बाजार विकास साहाय्य मंजूर करण्यात आले. त्याच वर्षी सीएनजी व घरगुती पाइप गॅसमध्ये शुद्ध बायोगॅस मिसळण्याचे बंधन जाहीर झाले. त्यानुसार २०२५-२६ साठी १ टक्का, २०२६-२७ साठी ३ टक्के, २०२७-२८ साठी ४ टक्के आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असे टप्पे ठरविण्यात आले.

यशस्वी उदाहरण म्हणून इंदूरचा उल्लेख करता येईल. तेथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झालेला प्रकल्प दररोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा असून त्यातून रोज सुमारे १७,००० किलोग्रॅम वायू व १०० टन खत मिळावे अशी योजना आहे. या प्रकल्पामागे घराघरांतून ओला कचरा वेगळा करण्याची शहराची शिस्त आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. शुद्धीकरणाचे यंत्र विकत आणता येते, पण वर्गीकृत कचरा विकत आणता येत नाही.

मिथेनची गळती :
बायोगॅस जळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो नवीकरणीय मानला जातो. परंतु न जळता निसटलेल्या मिथेनला हे लागू होत नाही. आयपीसीसीच्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार शंभर वर्षांच्या कालावधीत जैविक मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट आहे. एक किलोग्रॅम मिथेन जाळल्यास २.७५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आता १०० किलोग्रॅम मिथेनपैकी २ किलोग्रॅम गळाला आणि ९८ किलोग्रॅमने तितकाच खनिज वायू वाचविला असे मानू. वाचलेले उत्सर्जन सुमारे २७० किलोग्रॅम, तर गळतीचा परिणाम ५४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका होतो. म्हणजे केवळ २ टक्के गळतीने पाचवा हिस्सा लाभ नाहीसा झाला. गळती सुमारे ९ टक्क्यांवर गेली तर खनिज वायू वाचविल्याचा सर्व लाभ संपुष्टात येतो. ज्या ठिकाणी सांडपाणी किंवा कचरा पूर्वीच उघड्यावर कुजून मिथेन सोडत होता, तेथे हा हिशेब अधिक अनुकूल होतो हे खरे. परंतु शेणासाठी किंवा मुद्दाम लावलेल्या गवतासाठी तसे गृहीत धरता येत नाही.

गळती केवळ शुद्धीकरण यंत्रातून होते असे नाही. पाचनकुंडाचे सांधे, सुरक्षा झडपा व उघड्या तळ्यातील स्लरी हीदेखील तिची ठिकाणे आहेत. स्लरीची साठवण झाकणे, बाहेर जाणारा वायू जाळून सोडणे आणि नियमित मोजमाप करणे हे उपाय उपलब्ध आहेत. आयएस १६०८७ मधील मर्यादा सिलिंडरमध्ये काय आहे ते पाहतात, हवेत काय गेले ते पाहत नाहीत. ही उणीव भरून निघणे गरजेचे आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१) बायोगॅसचे शुद्धीकरण हे तांत्रिकदृष्ट्या सिद्ध झालेले असून पद्धतीची निवड पाणी, उष्णता, वीज व कौशल्य यांच्या स्थानिक उपलब्धतेवर करावी.
२) लहान कौटुंबिक व सामुदायिक संयंत्रांचा वायू थेट वापरणेच हितावह आहे. शुद्धीकरण मोठ्या व एकवटलेल्या स्रोतांसाठी राखावे.
३) विक्री वजनावर होत असल्याने शुद्धतेची व उष्मांक मूल्याची माहिती ग्राहकास मिळणे आवश्यक आहे.
४) प्रकल्पास परवानगी देताना मिथेन गळतीचे मोजमाप व झाकलेली स्लरी साठवण यांची अट घालावी.
५) शेण व प्रेसमड देणाऱ्या शेतकऱ्यास त्या प्रमाणात खत परत देण्याची हमी पुरवठा करारातच असावी. पशुपालक, भूमिहीन व शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या स्त्रिया यांचे इंधन या व्यवहारात हिरावले जाणार नाही याचीही दक्षता घ्यावी.

शेतातून निघालेला कर्ब वायूरूपाने इंजिनात जावा आणि शेतातून निघालेले पोषक द्रव्य स्लरीरूपाने शेतात परत यावे, हे चक्र पूर्ण झाले तरच या इंधनास नवीकरणीय म्हणता येईल. केवळ ९६ टक्के शुद्धता गाठल्याने ते चक्र पूर्ण होत नाही. अभियंता, कृषिशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ व शेतकरी यांनी एकत्र बसून विचार करावा असा हा विषय असून ग्रामीण भागातील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील संयंत्रांचे प्रत्यक्ष मोजमाप करून त्यात आपला वाटा उचलावा, अशी अपेक्षा आहे.